भीती कशाची, हे आधी पाहू

पुणे,
१७ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. सनातनी वृत्तीची माणसे मुळात भित्री असतात, हे आता विज्ञानानेच सिद्ध केले आहे, असे तू लिहिलेस. हे मला मान्य नाही आणि का मान्य नाही ते नीट लिहिणे अगत्याचे वाटते, कारण या एका समजुतीमुळे आपण आपल्याच घरातल्या माणसांशी बोलणे सोडून देऊ लागलो आहोत.

तू ज्या प्रयोगाचा उल्लेख केलास तो अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ४६ जणांवर झाला आणि २००८ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावर बसलेला मोठा कोळी, किडे पडलेली जखम अशी चित्रे अचानक दाखवायची आणि त्वचेला किती घाम सुटतो ते यंत्राने मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. अधिक दचकणाऱ्यांचा कल फाशीची शिक्षा आणि संरक्षणखर्च यांच्या बाजूने अधिक दिसला आणि त्यावरून जगभर लेख लिहिले गेले. मात्र पुढे अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये कितीतरी अधिक माणसांवर तशाच प्रकारचे प्रयोग पुन्हा केले गेले, तेव्हा तसा संबंध आढळला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले, ही गोष्ट तुझ्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. भीतीचा आणि राजकीय मतांचा संबंध नाही, असे मी म्हणत नाही. तो आहे आणि घट्ट आहे. पण तो माणसाच्या कातडीत शोधण्यापेक्षा त्याच्या गावात, भावकीत आणि इतिहासात शोधावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. कलकत्त्यात १८८९ साली फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीने केलेल्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. तेव्हाच्या कायद्यात वयाची मर्यादा दहा वर्षांची होती आणि ती मुलीने ओलांडली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकण्याजोगा नव्हता. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. यानंतर ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे संमतिवयाचे विधेयक आले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते मंजूर झाले. दहाचे बारा, एवढाच बदल होता. तरीही कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड निषेधसभा भरली, पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली आणि ‘केसरी’तून टिळकांनी विधेयकाला कडाडून विरोध केला.

टिळकांना बालविवाह प्रिय होते म्हणून त्यांनी विरोध केला, असे म्हणता येत नाही. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी करू नये, मुलाचे विसाव्या वर्षाआधी करू नये, विधवांचे केशवपन करू नये, अशी बंधने ज्यांना मान्य असतील त्यांनी ती आपणहून स्वतःवर घालून घ्यावीत, असे त्यांनीच त्या सुमारास सुचवले होते. भीती होती ती परक्या सरकारची. राज्य गेले, कचेऱ्या गेल्या, शाळांतली विद्याही त्यांच्या हाती गेली. आता उंबरठ्याच्या आतले तेवढे आपले उरले आहे आणि सरकार तिथेही पाऊल टाकू पाहत आहे, ही भावना त्या काळच्या हजारो शहाण्या माणसांच्या मनात होती. ही भीती खोटी होती, असे मी कधीही म्हणणार नाही. पण तिची किंमत कोणी मोजली? उंबरठ्याच्या आत जी मुलगी होती, तिने. त्या सगळ्या वादात शास्त्रवचने निघाली, धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन देणारा राणीचा जाहीरनामा निघाला, स्मृतींचे अर्थ लावून झाले. रात्री त्या खोलीत ढकलल्या जाणाऱ्या मुलीला काय भय वाटत असेल, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांनी विचारला. समाजाची भीती मोजायची तर कोणाची भीती मोजली गेली आणि कोणाची वगळली गेली, हे पाहिल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

याहून खोलवरची भीती दुसरीच आहे आणि तिच्याविषयी मला अधिक लिहायचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली; ख्रिस्त्यांच्या हातचे खाणेपिणे सनातन्यांच्या लेखी तेव्हा धर्मबाह्य होते. पाहुण्यांत रानडे होते आणि टिळकही होते. गोपाळराव जोशांनी पुढे त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली आणि पेल्याभर चहाचे प्रकरण बहिष्कारावर येऊन शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कार म्हणजे काय होते, याची नीट कल्पना केल्याशिवाय तो काळ आपल्याला कळत नाही. श्राद्धाला भटजी येत नाही. पंक्तीत पान मांडले जात नाही. सासरी दिलेली लेक सणाला माहेरी येऊ शकत नाही, घरातल्या उपवर मुलीला स्थळ सांगून येत नाही आणि घरात कोणी गेले तर खांदा द्यायला माणसे मिळत नाहीत. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेही आपल्यामुळे सोबतच्या मित्रांची कुचंबणा होऊ नये म्हणून. पुढच्या वर्षी मुंबई हायकोर्टाचा न्यायाधीश होणाऱ्या माणसाला जिथे वाकावे लागले, तिथे चार बिघे जमिनीवर आणि भावकीच्या आधारावर जगणाऱ्याने काय करावे? अशा माणसाला रोज पाळावी लागणारी रीत हळूहळू योग्यही वाटू लागते, कारण जे भीतीने करतो ते भीतीने करतो, असे स्वतःशी कबूल करत आयुष्य काढणे फार जड जाते. माझ्या मते सनातनी मत बहुतेक वेळा असे तयार होते.

माझे मामा तुला ठाऊक आहेत. त्यांच्या नातीने गेल्या वर्षी जातीबाहेरच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले, तेव्हा मी तासभर त्यांच्याशी वाद घातला. धर्म, परंपरा, रक्त असे सगळे विषय होऊन गेले. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, “अरे, माझ्या मयताला कोण येईल, ते सांग.” एवढे बोलून ते उठून गोठ्याकडे गेले. आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्न नोंदवू नये असा कायदा व्हावा, असे ते आता चारचौघांत सांगतात आणि तसे बोलणाऱ्या उमेदवाराला मत देईन म्हणतात.

यात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? १८९१ साली घराच्या रक्षणासाठी लोक म्हणत होते की सरकारने आत येऊ नये. मामा म्हणतात की सरकारने आत यावे आणि दार लावून घ्यावे. त्या वेळी सरकार परके होते, आज ते आपले वाटते. भीती तीच राहिली आणि राजकीय मागणी उलटी झाली. म्हणून अमुक मत म्हणजे अमुक स्वभाव, असे समीकरण मांडणे मला फसवे वाटते.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा मला मोलाचा वाटतो, कारण माणूस ज्याच्या भयाने वाकतो त्या भयालाच तो हात घालतो. पण त्यासाठी कोणीतरी तक्रार द्यावी लागते आणि न बोलावणे, न येणे, नुसते पाठ फिरवणे यांची तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात लिहून घेतली जाईल? तिथे शेजाऱ्यांनी आणि सोयऱ्यांनीच उभे राहायला हवे.

नातीच्या लग्नाचा स्वागतसमारंभ दिवाळीनंतर मामांच्या गावीच करायचा, असे मुलीच्या आईने ठरवले आहे. भावकीतले किती येतील, याची तिला रात्रंदिवस काळजी आहे. तू वहिनींना आणि मुलांना घेऊन ये, आदल्या दिवशीच मुक्कामाला ये. मामांशी त्या प्रयोगाविषयी बोलू नकोस. त्यांच्या शेजारी बस, पंगतीत वाढायला उभा राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा दिवसभर तिथे थांब. तारीख नक्की झाली की कळवतो.

तुझा,
अविनाश