चिखल्याचं आनंदनृत्य

बेळगाव,
28 डिसेंबर

प्रिय बंडू,

शिव्या द्यायच्या त्या आधीच देऊन घे. एप्रिलपासून तुझा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा मी मुद्दाम उचलला नाही. आईची शुगर आहे तशीच. माझी पाठ आहे तशीच. झालं.

सोबत एक कॅलेंडर पाठवतोय. आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेचं. जानेवारीच्या पानावर मी काढलेला फोटो आहे, खाली छापलंय 'आनंदनृत्य'. बाराशे प्रती काढल्यात. वाण्याकडं, दवाखान्यात, तात्यांच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर, जिथं जावं तिथं तो पक्षी पंख पसरून उभा. काल तात्या म्हणाले, "काय नाचतोय बघ की रे!" मी हो म्हटलं आणि चहा अर्धा टाकून उठलो.

तू पान उघडशील आणि तुला एका नजरेत कळेल. म्हणून आधीच सांगून टाकतो.

एप्रिलात हिडकल धरणावर गेलो होतो. पाणी मागं हटलेलं, नुसता गाळ आणि गोटे. गेलो होतो शेकाट्यांसाठी, त्या लांब पायांच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांसाठी. त्यांचं पांढरं नेहमीसारखंच जळालं, एक्स्पोजर कितीही खाली आणलं तरी. पोटावर पडून सरकत होतो. कोपराखाली जुन्या जीनच्या पायाची पिशवी, आत तांदूळ. (आईनं रागानं विचारलं, त्यात बासमती भरलास काय? खरं सांगायचं तर भरला होता.) एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता, तो लांबूनच कन्नडात ओरडला, माणूस जिवंत आहे का मेलाय? मी हात हलवल्यावर निराश झाल्यासारखा पुढं गेला.

नऊ वाजून गेले. जमिनीवरून वाफा उठायला लागल्या की लांबचं सगळं हलतं, शार्प काही येत नाही, तेव्हा उठायचं हा आपला नियम. उठणार तेवढ्यात चिखल्या समोर आला. छोटा, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. एरवी शंभर फुटांवरनं पळणारा पक्षी पंधरा फुटांवर आला रे. एक पंख जमिनीवर घासत, शेपटी पंख्यासारखी उघडून, मोडल्यासारखा लंगडत. पाठीमागून ऊन.

तेव्हाच कळायला हवं होतं, असं लिहिणार होतो. पण तुला खोटं काय लिहू? कळलंच होतं. अंडी जवळपास आहेत, हा मला लांब न्यायचं सोंग करतोय, हे आपल्याला कॉलेजपासून माहीत आहे. तरी मी पडूनच राहिलो. चाळीस मिनिटं. 214 फोटो.

उठलो तेव्हा दिसली अंडी. माझ्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर, गोट्यांत चार, टोकं आत करून ठेवलेली. वर उघडं ऊन. चाळीस मिनिटं त्यांच्यावर सावलीला कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी परत गेलो. खळगा रिकामा. टरफल नाही, काही नाही. आता तूच सांग. पिल्लं निघाली असतील तरी असंच दिसणार, ती काही तासांतच चालू लागतात आणि टरफलं आईबाप लांब टाकून येतात. कावळ्यानं नेली असतील तरी असंच दिसणार. पंपहाऊसवर एक कावळा बसला होता. पण कावळा कुठं नसतो? गेले आठ महिने हेच चाललंय डोक्यात. कधी पिल्लं, कधी कावळा. वकिली तर मी माझी इतकी केली की सनद मिळावी.

गंमत म्हणजे फोटोत अंडी नाहीतच. घरट्यांचे फोटो बऱ्याच स्पर्धांत घेत नाहीत, तर हा त्यातनंही सुटतो.

येळ्ळूरच्या शिवारातली टिटवी आठवते? अंडी नीट दिसावीत म्हणून मी बाजूचं गवत उपटलं, आणि तू कॅमेरा हिसकावून रोलच ओढून काढलास. 36 फोटो उन्हात. त्यात अक्काच्या साखरपुड्याचे 22 होते, ते अजून तुला माफ नाही हं. अक्का तर तुला अजून 'तो रोलवाला' म्हणते. आठ महिने बोललो नव्हतो आपण. तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरलो की बंड्याला फोटोतलं काही कळत नाही. ते खरंच होतं म्हणा, तुझे सगळे फोटो तिरके. पण गवताबद्दल तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं आणि बाराशे कॅलेंडरं लागली.

आता या कार्डातनं रोल ओढून काढता येत नाही, हीच अडचण आहे. पतसंस्थेचे चेअरमन पुढच्या वर्षीसाठीही 'असाच नाचणारा' मागताहेत. त्यांना काय सांगू? सांगितलं तर म्हणतील, असू दे की, पक्षीच तर आहे.

तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरगीचं बारावीचं वर्ष ना हे? तिला म्हणावं काकानं विचारलंय. फेब्रुवारीत ये, धुपदाळला पक्षी बघायला जाऊ. कॅमेरा आणणार नाही. बरं, आणेन, पण तुझ्या पिशवीत ठेवीन.

पार्सलात अर्धा किलो कुंदा आहे, कॅलेंडर त्याच्याच खाली गुंडाळलंय. आधी कुंदा काढ, तूप सुटतं. जानेवारीवर डाग पडला तर पडू दे.

तुझाच,
दादू