निविदेआधी रुग्णाच्या घरची फाइल पाहा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

उपचारांचे दर दाखवणारं, बिलांचा हिशोब ठेवणारं ॲप करायचं ठरलं की आधी निविदा निघते, मग स्क्रीन आखल्या जातात आणि सगळं तयार झाल्यावर चार रुग्णांना बोलावून ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं जातं. समोरचा माणूस भिडेपोटी ‘छान आहे’ म्हणतो. हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी युजर रिसर्चचं, म्हणजे ॲप वापरणाऱ्यांच्या गरजा समजून घेण्याचं काम करते. ॲपमध्ये काय हवं, असं मी लोकांना विचारत नाही. शेवटचं बिल दाखवा आणि ते हातात पडल्यापासून काय काय केलंत ते सांगा, असं म्हणते. आईच्या ऑपरेशनचे कागद सांभाळणाऱ्या एका मुलीनं फाइल उघडली. अंतिम बिलाला डिपॉझिटच्या पावत्या टाचलेल्या होत्या. पॅकेजमध्ये धरलेली एक तपासणी खाली पुन्हा वेगळी लावली होती, तिच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. औषधांच्या पावत्यांचे फोटो भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. घरचा सगळा हिशोब तिथेच चाललेला. कोणतं रुग्णालय स्वस्त, हा तिचा प्रश्नच नव्हता. विमा कंपनीनं क्लेममधून रक्कम कापली तर डिस्चार्जच्या दिवशी किती पैसे हाताशी हवेत आणि ते कुणी भरायचे, हे तिला आदल्या दिवशी कळायला हवं होतं.

नुसती दरांची यादी तिच्या काय कामाची? अमेरिकेत हा अनुभव येऊन गेला आहे. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अभ्यासात, कंपनीकडून उपचारांचे दर तपासण्याचं साधन मिळालेल्या कर्मचाऱ्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम १० टक्के लोकांनी ते वापरलं, आणि बाह्यरुग्ण उपचारांवरचा खर्च त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. २०१३ च्या आणखी एका अभ्यासात डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), को-पे (उपचाराच्या वेळी स्वतः भरायचा वाटा) अशा विम्यातल्या चारही मूलभूत गोष्टी नीट समजलेले विमाधारक १४ टक्केच निघाले.

लोक दर का तपासत नाहीत, याचं एक कारण माझ्या मुलाखतींत सतत पुढे येतं. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिल्यावर दुसरीकडे दर विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं अनेकांना वाटतं. काही जण तर पैसे पुरावेत म्हणून गोळ्या एक दिवसाआड घेतात आणि हे डॉक्टरांपासूनही लपवतात. प्रश्नावलीत असलं काही उमटत नाही. कागद पसरून बसल्यावर, बऱ्याच वेळानं, हळूच बाहेर येतं.

म्हणून निविदेआधी रुग्णांच्या अशा अभ्यासासाठी वेगळा वेळ आणि निधी राखून ठेवावा. रोख भरणारे, क्लेम नाकारला गेलेले, कायमची औषधं चालू असलेले, वाचता न येणारे, सगळे त्यात हवेत. आणि पैशांचं बघणारा नातेवाईक तर हवाच, कारण ॲप बहुतेकदा त्याच्याच फोनवर असणार. त्यांचा वेळ फुकट घेऊ नये. बिलावरून आजार कळतो, तेव्हा ही माहिती विमा कंपन्यांच्या हाती जाणार नाही, असं त्यांना लेखी द्यावं.

अभ्यासाअंती ॲप नकोच, असंही निघू शकतं. रुग्णालयांनी चालू बिल रोजच्या रोज द्यावं, ‘इतर साहित्य’ या एका ओळीत काय काय धरलंय ते सुटं करून दाखवावं, एवढ्यानंही कदाचित जास्त भागेल. तसं निघालं तर ॲप बाजूला ठेवून आधी तो नियम काढू, असं आपण सुरुवातीलाच जाहीर करावं. ॲप बनवणारी कंपनी हे करू शकत नाही. तो अधिकार आपल्याकडे आहे.

आपली नम्र,
एक युजर रिसर्चर