राजापूरचा फेरफार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची लाज वाटते. प्रकृती बरी, गुडघा पावसात कुरकुरतो एवढंच. पण आज जे हाती आलंय ते तुझ्याखेरीज कुणाला सांगून उपयोग नाही.

एका स्मरणिकेसाठी आपल्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा तक्ता तपासायला आलाय. पहिली ओळ २००९ची! चार निवडणुका, तीन खासदार, संपला इतिहास. आधीचे खासदार नाथ पै नाहीत, मधु दंडवते नाहीत. कारण म्हणे ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ हा मतदारसंघच २००८च्या पुनर्रचनेत झाला. कागदावर खरं आहे रे. पण जमिनीचे पोटहिस्से पडले म्हणून मागचे फेरफार कुणी फाडून टाकतं का?

मी हरकत घेतली तर दुसऱ्या दिवशी सुधारलेला तक्ता आला. वर जुन्या राजापूर मतदारसंघाची १९५७ ते २००४ची यादी, खाली २००९पासून पुढे, मध्ये साधी रेघही नाही. हे तर आणखी वाईट! जुन्या राजापुरात विधानसभेचे सहा मतदारसंघ : लांजा, राजापूर, मालवण, कणकवली, वेंगुर्ला, सावंतवाडी. आज आहेत चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. लांजा राजापुरात गेलं, मालवण कुडाळात, वेंगुर्ला सावंतवाडीत. चिपळूण आणि रत्नागिरी मात्र जुन्या रत्नागिरी मतदारसंघातून आली, आणि तिथले दापोली-गुहागर रायगडला जोडले. म्हणजे आजच्या मतदारसंघाला दोन वडिलोपार्जित घरं आहेत. एकाचीच वंशावळ लावली की दुसऱ्याची माणसं बेवारस.

आणि ही दोन घरं किती वेगळी! १९५७ ते २००४ दोन्हीकडे तेरा निवडणुका झाल्या. राजापुरात नाथ पै तीनदा, दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. काँग्रेस तेरांत एकदाच, १९९१ला. रत्नागिरीत १९५७ला जनसंघाचे प्रेमजीभाई आसर, मग शारदा मुखर्जी दोनदा, पेजे, बापूसाहेब परुळेकर दोनदा, हुसेन दलवाई, निकम दोनदा आणि १९९६पासून गीते. तिथे काँग्रेस सहा वेळा. ‘कोकण पहिल्यापासून समाजवादी’ असं जो सरसकट लिहितो त्याने हा दुसरा रकाना पाहिलेलाच नसतो. (तूही एकदा चहाच्या टपरीवर हेच म्हणाला होतास, आणि अप्पांनी तुझा कप काढून घेतला होता. विसरलो नाही.)

तक्त्यातली दुसरी चूक माझ्या जिव्हारी लागली. १९७१पुढे ‘पोटनिवडणूक’ लिहिलंय. लोकसभा २७ डिसेंबर १९७०लाच विसर्जित झाली होती. नाथ पै गेले १८ जानेवारी १९७१ला, बेळगावात. लोकसभाच नव्हती, मग पोटनिवडणूक कसली? मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि दंडवते आले.

पक्षाच्या रकान्यातही तसंच. दंडवते १९७१ला प्रजासमाजवादी, १९७७ ते ८४ जनता पक्ष, ८९ला जनता दल. तक्ता करणाऱ्याने इथे ‘सत्तांतर’ दोनदा मोजलंय. अरे, माणूस तोच, मतदार तेच, फक्त पाटी बदलली! पक्षाशेजारी उमेदवाराचा रकाना हवा, आणि चिन्हाचाही हवाच. चिन्ह लिहिलं की २०२४ नीट दिसतं. १९९६पासून सलग सात निवडणुका धनुष्यबाण इथे रिंगणात होता, २०२४ला नव्हता. विनायक राऊत मशालीवर, नारायण राणे कमळावर. राणे ४७,८५८ मतांनी आले, पण वरच्या तीन विधानसभांत राऊत पुढे आणि खालच्या तिन्हींत राणे. सांधा अजून उसवलेलाच आहे, बघ.

म्हणून २००४ आणि २००९च्या टक्केवारीची वजाबाकी करून ‘प्रभूंची मतं इतकी घटली’ असं लिहायचं नाही. मतदारच वेगळे होते. तुलना करायचीच तर विधानसभानिहाय, आणि तीही गाव धरून. केंद्राचा क्रमांक धरलास की फसलास. मतदार वाढले की एका केंद्राची दोन होतात आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. मतदारसंघाचा क्रमांकही कामाचा नाही : राजापूर १ होता, आताचा ४६ आहे. नमुना २० (म्हणजे मतमोजणीच्या निकालाचा तक्ता) मधल्या सहा विधानसभांची बेरीज एकूण मतांशी जुळली नाही तर घाबरू नकोस, टपाली मतं शेवटी वेगळी धरलेली असतात. आणि यंत्रं येण्यापूर्वीची केंद्रनिहाय मतं सगळीकडची मिळतील असं धरू नकोस. तेव्हा काही वेळा मोजण्याआधी मतपत्रिका एकत्र मिसळत.

आपलं १९९१चं भांडण पुन्हा उकरतो. तू म्हणतोस लोक कृतघ्न, रेल्वे आणणाऱ्या दंडवत्यांना पाडलं. मला अजून पटत नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९०च्या जुलैत नोंदलं गेलं, पूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ला. १९९१ला मतदाराच्या डोळ्यांसमोर गाडी नव्हती, मोजणीचे दगड होते, आणि ज्याची आंब्याची कलमं त्यात जाणार तो धास्तावलेला. शिवाय शिवसेना तोवर गावोगाव पोचली होती, काँग्रेसविरोधी मत एका ठिकाणी राहिलं नव्हतं. दंडवते हरले याचं वाईट मलाही तुझ्याइतकंच वाटतं, पण दोष माणसांच्या मनाला देऊ नकोस.

लेकीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. कौलं बदललीस का?

आता काम. तुझ्या ट्रंकेत आपली निळी वही आहे. त्यात संगमेश्वरची गावं तू तालुक्यानुसार लिहिली होतीस. जुनी संगमेश्वर विधानसभा पुनर्रचनेत गेली, तिथली कुठली गावं चिपळुणात आणि कुठली राजापुरात, ते त्या पानावर आहे. त्या पानाचा फोटो उजेडात काढून पाठव, कडेच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. छपाई सोमवारी आहे. तोवर दोन घरांचे दोन रकाने, २००८ला जाड रेघ आणि खाली एक रकाना, असा तक्ता मी आखून ठेवतो.

तुझाच,
भाऊ