हीटर आधी गॅलरीत लाव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हीटर घेतेस म्हणालीस. घे, पण तुला वास आणि धूळ सोसत नाही, तेव्हा आणल्या आणल्या खोलीत लावू नकोस. तू सहावीत असताना आम्ही तेच केलं. लालभडक तारांचा हीटर, रात्रभर दार बंद. पहाटे पाहते तर तू उशी छातीशी धरून बसलेली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, सर्दी. बाबा म्हणाले, कसला तरी करपट वास येतोय. माळ्यावर वर्षभर पडलेल्या त्या तारांवरची धूळ जळत होती!

तुला तेलाचा हीटर बरा. तेल आत बंद असतं, जळत नाही, नुसतं तापतं. वरचा पत्रा तारेइतका तापत नाही, त्यामुळे धूळही फारशी करपत नाही. मात्र नव्या पत्र्याचा रंग पहिल्यांदा तापला की उग्र वास सोडतो. म्हणून आधी कोरड्या गॅलरीत, मधलं दार लावून, पूर्ण आचेवर रोज चार-पाच तास चालव. चालू-बंद दुसऱ्या कुणाला करू दे. वास गेला की आत घे. दोन दिवसांत जाईल, कदाचित आठवडाही लागेल. गॅसचा, धुराडं नसलेला हीटर मुळीच नको. त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड खोलीतच राहतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. तिथे तुझं नाकही फसेल.

उन्हाळ्यात कूलर टाळ. हवा ओलावते, पॅडला बुरशी धरते. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत ठेव. त्यावर गेली की गादीतले धुळीचे किडे फोफावतात. मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते पलंगाजवळ ठेव. एसीची जाळी दर पंधरवड्याला साध्या पाण्याने धू आणि पूर्ण वाळवूनच बसव. सर्व्हिसिंगवाला शेवटी सुगंधी फवारा मारू लागला तर हात धर त्याचा, लाजू नकोस. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो; तेव्हा सकाळी खिडकी उघडायचीच. ऊन मात्र खिडकीच्या बाहेरच अडव. काच तापली की आतला पडदा कितीही जाड असो, उष्णता आत आलेलीच असते.

आणि ओझोन सोडणारं हवाशुद्धीचं यंत्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. ओझोननेच खोकला होतो.

गॅलरीत हीटर लावून द्यायला कुणी आहे का? नसेल तर शनिवारी मी येते. वास गेला की नाही हे मीच हुंगून सांगेन.

तुझी,
आई