काकू, तुमच्या त्या रिकाम्या टँकसाठी थँक्यू

काकू,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

लेकीला कुणीतरी फायटर मासा भेट दिला, निळाशार, शेपटीच्या टोकाला लाल, आणि सोबत एक छोटा गोल बाऊल. तो वळला की शेपूट काचेला घासायची, ते बघूनच मला कसंतरी झालं आणि मी विचारत सुटले की याला टँक केवढा लागतो आणि सोबत कोणते मासे चालतील. किती साधा प्रश्न आहे हो! पण विकणाऱ्यांची उत्तरं काय, तर डबक्यातला मासा आहे, बाऊलमध्ये मस्त राहतो, आणि सोबत काहीही टाका, चालतंय. गोल्डफिश चालतात, गुरामी चालतात, टायगर बार्ब पण चालतात. एकाने तर सांगितलं दुसरा नर घ्या आणि मध्ये नुसती काच लावा, दोघं दिवसभर कल्ले फुगवून दाखवतात, पाहुण्यांना आवडतं. म्हणजे त्या जिवाने सतत चिडलेलं राहायचं आणि आपण बघत बसायचं? मला अजून राग येतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना, कमीपणा कसला त्यात.

आणि तुम्ही? तुम्ही आल्यावर आधी काही बोललाच नाहीत. खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसून राहिलात, तो वर येऊन हवा कशी घेतो, शेपटीच्या वजनाने कसा दमतो, बोट जवळ नेल्यावर चिडतो की लपतो, सगळं बघितलंत. मग लेकीला समजेल अशा भाषेत सांगितलंत की याला वरची हवा घ्यायला डोक्यात वेगळा अवयव असतो म्हणून तो वाईट पाण्यातही लगेच मरत नाही आणि लोकांना वाटतं मजेत आहे, पण त्याच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया तर त्याच पाण्यात साठतो ना, आणि पाणी जेवढं कमी तेवढा तो झपकन चढतो. डबक्याचंही तेच, थायलंडच्या भातखाचरात पाणी उथळ असतं पण लांबवर पसरलेलं असतं. एकट्यासाठी निदान 20 लिटर, सोबत हवी असेल तर दोन फुटी टँक, म्हणजे साधारण 56 लिटर, आणि उंच नको, आडवा घे, याला सारखं वर यावं लागतं. कुणीतरी एवढं कारणासकट सांगितलं तेव्हा मला खरंच हुश्श झालं.

सोबतीचं तर तुम्ही आधी नकोच म्हणालात. "तो एकटा कंटाळत नाही गं, एकटं राहणं त्याचा स्वभाव आहे." पण लेकीचा चेहरा पडला तेव्हा ते तिथेच सोडलं नाहीत, जे जमू शकतं ते शोधून दिलंत. टायगर बार्ब नको, ते पर कुरतडतात. रंगीत शेपटीचे गप्पी नकोत, हा त्यांना दुसरा फायटर समजू शकतो. गुरामी तर त्याच्याच कुळातले. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि याला 24 ते 28 डिग्री. मग राहिलं कोण, तर पिग्मी कोरी, म्हणजे तळाशी खाणं शोधणारे इवलेसे मिशीवाले मासे, ते पण जोडीने नाही, सहाचा तरी घोळका हवा, आणि त्यांच्या मिशा सोलवटू नयेत म्हणून खाली बारीक वाळू. त्याच्याही आधी एक नेराइट गोगलगाय सोडून बघायची, तिला त्रास दिला तर पुढचं सगळं रद्द. टँक मुरायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला, महिन्याच्या वर गेला, तुम्ही घाई करू दिली नाहीत, त्याबद्दल वेगळं थँक्यू.

पण मला खरं लिहायचंय ते दुसरंच. कोरी सोडायच्या आदल्या दिवशी मी रोपं न्यायला तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा खिडकीखाली एक छोटा टँक चालू दिसला. फिल्टरचे बुडबुडे येत होते, हीटरचा लाल दिवा लागलेला, पाण्यात बदामाचं पान, आणि मासा एकही नाही. मी विचारलं यात काय ठेवणार, तर तुम्ही हात पुसत म्हणालात, "तुझ्यासाठीच आहे तो. नाही पटलं त्यांचं तर रात्री बारा वाजता पण घेऊन ये, लाजू नको." फिल्टरचा स्पंजसुद्धा जुन्या टँकमधून काढून घातला होता, म्हणजे ते जिवाणू आधीच आलेले, टँक मुरलेला, मासा आणला की सरळ सोडता यावा. काकू, मी तिथे काही बोलू शकले नाही. प्रत्येक फायटरचा स्वभाव वेगळा, गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं, आणि मग आपला सल्ला चुकलाच तर दुसऱ्याच्या माशाचे हाल नकोत म्हणून स्वतःच्या घरात जागा करून, वीज जाळून बसलात. न सांगता. मी पाहिलं नसतं तर मला कळलंही नसतं. अशी माणसं आहेत म्हणून हा छंद टिकलाय, सल्ले देणाऱ्यांची काही कमी नाही, सल्ला फसला तर दार उघडं ठेवणारं कोण असतं?

त्या रात्री मी टँकसमोरच बसून होते. त्याने एकदा कल्ले फुगवले, एका कोरीच्या मागे अर्धा टँकभर गेला, आणि मग कंटाळून वरच्या रोपांत जाऊन बसला. आता ते खाली वाळू चाळत फिरतात आणि हा वर बुडबुड्यांचं घरटं करतो. शेपूट अजून अख्खी आहे, लेक रोज तपासते.

आणि हो, काचेवर पांढरे कडक ठिपके दिसायला लागलेत, तीळ चिकटल्यासारखे. मला वाटतं नेराइटचीच अंडी, तुम्ही म्हणाला होता गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं होत नाहीत. तरी सवडीने एकदा येऊन बघून जा ना. तो टँकही आता मोकळा करा, त्यात तुम्हाला काय ठेवायचं होतं ते मला अजून सांगितलेलं नाहीत.