पालक-शिक्षक झालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. बी.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्य पदवीच्या, पहिल्या वर्षाचे 22 विद्यार्थी पालक-शिक्षक योजनेत मार्गदर्शनासाठी तुझ्याकडे आले आहेत, आणि त्यांच्या नोंदवहीतला ‘अडचणी’ हा शेवटचा रकाना कसा भरावा, असे तू विचारले आहेस. हजेरी, गुण आणि शिष्यवृत्ती हे रकाने कार्यालयातून माहिती घेऊन भरता येतात. या एका रकान्यासाठी मात्र विद्यार्थ्यासमोर बसावे लागते. मी पहिली काही वर्षे तो चुकीचा भरत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्या गटात होता. समुदाय संघटनाच्या (वस्तीतील लोकांना एकत्र आणण्याच्या) क्षेत्रकार्यासाठी त्याला रेल्वेरुळांपलीकडची एक वस्ती मिळाली होती. आठवड्यातून दोन दिवस तिथे जायचे आणि दर आठवड्याला अहवाल द्यायचा, हे तुला ठाऊकच आहे. त्याचे अहवाल चार-पाच ओळींचे येऊ लागले, हजेरी घसरली, आणि मी त्याच्या अहवालांवर लाल शाईने ‘निरीक्षण अपुरे’ असे लिहीत राहिलो. नोंदवहीत मी ‘क्षेत्रकार्यात रस नाही’ अशी नोंद केली. सत्र संपत आले असताना आय.सी.मध्ये, म्हणजे आमच्या दोघांच्या वैयक्तिक चर्चेत, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “सर, मामीच्या घराला मी ‘निम्न आर्थिक स्तर’ लिहायचं का?” पाचवी ते दहावी तो त्याच वस्तीत मामांकडे राहून शिकला होता. संस्थावाटपाच्या वेळी, म्हणजे कोणी कुठे क्षेत्रकार्य करायचे हे ठरवताना, त्याला कोणीही, मीसुद्धा, काही विचारले नव्हते.

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. आपल्या देशात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. नागपाड्यातील वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक होते, आणि ते शिक्षण पदवीधरांसाठी होते. वस्तीत शिकायला जाणारा विद्यार्थी बाहेरून येतो, तो वयाने प्रौढ असतो आणि जे पाहील त्याच्यापासून थोडे अंतर राखू शकतो, हे गृहीतक आपल्या अभ्यासक्रमात आणि अहवालाच्या नमुन्यात अजून टिकून आहे. आपल्यासमोर बसणारी मुले मात्र अठरा-एकोणीस वर्षांची आहेत. माझ्या गटातील निम्म्याहून अधिक मुले घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच असतात, आणि ज्यांना आपण पुस्तकात ‘लाभार्थी’ म्हणतो त्यांच्यात त्यांचे आईवडील असतात. व्यसनमुक्ती केंद्रात क्षेत्रकार्यासाठी पाठवलेली मुलगी रात्री ज्या घरी परतते, तिथे वडील कोणत्या अवस्थेत असतील, हे आपल्याला माहीत नसते. या मुलांना मार्गदर्शन करायचे म्हणजे विषय निवडून देणे आणि अर्जावर सही करणे, असे मी आता मानत नाही.

परंतु इथेच दुसरी चूक दबा धरून बसलेली असते, आणि ती आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांकडूनच होते. आपल्याला व्यक्तिसहाय्य कार्य, म्हणजे एकेका व्यक्तीच्या अडचणीवर काम करणे, येते, म्हणून समोरचा विद्यार्थी रडू लागला की आपण नकळत त्याची ‘केस’ करतो: कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतो, निदान करतो, हस्तक्षेपाची योजना आखतो. तसे करू नकोस. तो तुझ्याकडे शिकायला आला आहे, उपचारासाठी आलेला नाही. शिवाय त्याच्या क्षेत्रकार्याचे गुण तुझ्या हातात आहेत, तेव्हा तो तुझ्याशी पूर्ण मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे आहे. त्याला खरोखर समुपदेशनाची गरज असेल, तर ज्याचा त्याच्या गुणांशी संबंध नाही अशा माणसाकडे त्याला घेऊन जा. त्या मुलाला मी एवढेच विचारले, की तुला काय करायचे आहे? त्याला वस्ती बदलून नको होती. मामांची गल्ली सोडून पलीकडच्या गल्लीत पाण्याच्या प्रश्नावर काम करायचे होते. त्याने ते केले. गुण साधारणच मिळाले, पण अहवाल पानेच्या पाने येऊ लागले. नोंदवहीतील माझी जुनी नोंद मी खोडली आणि शेजारी तारीख घालून सही केली.

पुढील शिक्षणाबद्दल मुलांना खरे सांगणे, हेही मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे, आणि इथे आपण फार संकोच करतो. एम.एस.डब्ल्यू.ला (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला) कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, मग आम्ही तीन वर्षे कशासाठी घालवली, असा प्रश्न तिसऱ्या वर्षी येतोच. त्याला टाळू नकोस. मानसिक आरोग्य क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला पहिल्याच वर्षी सांग, की 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्येत मनोसामाजिक कार्यकर्त्यासाठी (सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी) समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अशी पात्रता दिलेली आहे. म्हणजे वाट लांब आहे आणि घरच्यांशी आधीच बोलायला हवे. कारखान्यात जाऊ पाहणाऱ्याला सांग, की 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार 2025 पर्यंत 500 किंवा अधिक कामगार असतील तिथेच कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते; आजचा नियम त्याने तपासून घ्यावा. आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय दिली आहे, ती विद्यार्थ्यासमोर ठेवताना फार जपून बोल. घरी पैशाची ओढाताण असलेल्या मुलीला ही सोय सुटकेसारखी वाटते, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की ती सोय हळूच सक्ती होऊन बसते. तिने खरोखर स्वतःहून निर्णय घेतला आहे की फक्त बसभाड्याचा प्रश्न आहे, हे शोधण्यासाठी एक दुपार खर्च कर.

तुझ्याकडे संस्थावाटपाची बैठक पुढच्या महिन्यात आहे, असे तू लिहिले आहेस. त्याआधी 22 जणांपैकी प्रत्येकाला निदान अर्धा तास दे. विभागाच्या खोलीत नको, ग्रंथालयाबाहेरच्या कट्ट्यावर चालेल. कोणत्या वस्तीत, कोणत्या संस्थेत जायला मन धजत नाही, एवढेच विचार, आणि कारण सांगण्याची सक्ती करू नकोस. जे कळेल त्याप्रमाणे यादी बदलून घे. विभागप्रमुख तक्रार करतील, तेवढी सोस.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा स्नेही