पहिला चीक फेकू नका

संपादक महाशय,

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, 40 वर्षं विड्या वळल्या. थोरल्याच्या वेळी सासूबाईंनी पहिला पिवळा चीक पिळून टाकायला लावला, बाळाला मध चाटवला. नातीच्या वेळी मात्र सुनेला तासाभरात पाजायला लावलं. रोगाशी लढायचं बळ त्या चिकातच असतं. पाजल्यानं बाळंतिणीचा रक्तस्राव आटोक्यात येतो, पुढं स्तनांच्या कॅन्सरचा धोकाही घटतो. सोलापूरचं एप्रिलातलं ऊन! शेजारणी म्हणायच्या, ‘घोटभर पाणी तरी पाजा.’ अहो, आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. 6 महिने वरचं काही लागत नाही.

परवा एका दवाखान्याच्या रांगेत सुनेला आडोसा मिळेना. मीच पदर धरून उभी राहिले. एक पडदा तरी लावा की!

– एक आजी, सोलापूर